पणजीतली पहिली दिवाळी, घरची पार्टी आणि काजू फेणी – माझा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. घरच्या पार्टीला काजू फेणी आणावी का, तर हो, नक्की आणा. पाचात चार. एक मार्क वासाचा कापलाय आणि तो का कापला ते खाली येईलच.

आता सविस्तर. आम्ही जुलैत पुण्याहून पणजीला शिफ्ट झालो, नवऱ्याची नोकरी, माझं वर्क फ्रॉम होम, आणि धो धो पाऊस. मळा ह्या भागात एका जुन्या बिल्डिंगमध्ये भाड्याने घर मिळालं, ओळखपाळख शून्य. सकाळी पोदेर सायकलवरून पों पों करत पाव घेऊन येतो आणि दुपारी एक ते चार दुकानं बंद (ह्या बाबतीत मला लगेच माहेरी आल्यासारखं वाटलं, पुणेकरांना सांगायला नको). पण माणसं कुठे? ऑफिसातले ओळखीचे तीन-चार, समोरच्या दारातल्या वहिनी आणि त्यांचा नवरा, वरच्या मजल्यावरची आंटी. म्हणून ठरवलं की नरकासुराच्या रात्री घरी बोलवू सगळ्यांना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोव्यात दिवाळी म्हणजे आधी नरकासुर, चतुर्दशीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली हे भलेमोठे राक्षस उभे करतात, रात्रभर डीजे, आणि पहाटे जाळतात. झोप तशीही मिळणार नव्हतीच, मग पार्टीच का करू नये. (लक्ष्मीपूजनाला नाही हो, कमेंटमध्ये संस्कार काढू नका. आणि माझ्या आईला लिंक पाठवू नका.)

पहिली चूक. मी हुशारी करून ऑनलाइन एक रेडीमेड कॉकटेल मिक्सर मागवला. नाव घेत नाही, पण फोटोत जो गुलाबी ग्लास दिसत होता तो बघून मी फसले. बाटली उघडली तर कफ सिरप आणि रसना ह्यांचं लग्न लावल्यासारखी चव, त्यात वोडका घाला, जिन घाला, सगळं तेच लागतं, दुसऱ्या घोटाला दात आंबतात. सहाशेच्या वर घातले त्यात. आठवडाभर आधी ट्रायल घेतली म्हणून वाचले नाहीतर पाहुण्यांना तेच पाजलं असतं.

तर आंटी. वय सत्तरीच्या पुढे, मला पहिल्या दिवसापासून तू म्हणते आणि मीही तिला तूच म्हणावं अशी तिची अपेक्षा, कोकणीत अहोजाहो फार नाही, आणि मला पुण्यात कधी कोणत्या सत्तरीच्या बाईला अगंतुगं केल्याचं आठवत नाही, त्यामुळे माझी वाक्यं महिनाभर कर्त्याशिवायच चालली होती. तिने माझा गुलाबी ग्लास हुंगला आणि परत टेबलावर ठेवला. काही बोलली नाही. मग वर गेली आणि जुन्या व्हिस्कीच्या बाटलीत भरलेलं काहीतरी पाण्यासारखं स्वच्छ घेऊन आली. बाटली खिडकीच्या उजेडात धरून गदागदा हलवली, वर बारीक मोत्यांसारखे बुडबुडे उभे राहिले आणि चटकन गेले नाहीत, ते मला दाखवून म्हणाली, "पळे, फेण." फेस येतो म्हणून फेणी. मग दोन थेंब माझ्या तळहातावर टाकले, हात चोळ म्हणाली, वास घे म्हणाली. खरं सांगू का, पहिला वास येतो तो पिकून खाली पडलेल्या फळांचा, थोडा रॉकेलकडे झुकणारा, मग मागून अननस, मग चक्क आंब्याच्या बाठीसारखं काहीतरी. मी नाक मुरडलं. पाच मिनिटांनी परत हुंगलं. तिथेच मी अडकले.

थोडं शास्त्र सांगते कारण पाहुण्यांना सांगायला उपयोगी पडतं. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. आपण बी खातो, इथे बोंडूची, म्हणजे बी ज्याला लटकते त्या रसाळ फळाची, दारू करतात. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपोआप खाली पडलेलेच गोळा करतात, पारंपरिक पद्धतीत ते दगडी कोळमीत (हौदच तो) पायाने तुडवतात, रस दोन-तीन दिवस आंबवतात आणि भट्टी लावतात. पहिल्या धारेचा तो हुर्राक, हलका, पंधरा टक्क्यांच्या आसपास, आणि तो फक्त उन्हाळ्यात, साधारण मार्च ते मे, मिळतो. हुर्राक रसात मिसळून परत भट्टीवर चढवला की फेणी, लेबलवर ४२-४३ टक्के दिसेल. म्हणजे व्हिस्की-वोडकाइतकीच कडक आहे, "गावठी आहे, हलकी असेल" ह्या भ्रमात राहू नका, आमच्याकडे एकजण राहिला होता, त्याचं पुढे सांगते. २००९ साली फेणीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, म्हणजे गोव्याबाहेर कोणी काजूची दारू काढली तरी तिला फेणी म्हणता येत नाही. आणि कित्येक वर्षं ती सरकारदरबारी देशी दारू होती म्हणून गोव्याबाहेर विकताच येत नव्हती, २०१६ मध्ये सरकारने वारसा पेय वगैरे जाहीर केलं. त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांना फेणी म्हणजे कॉलेजच्या ट्रिपमध्ये प्लास्टिकच्या बाटलीतून आणलेला आणि सॅकमधल्या सगळ्या कपड्यांवर सांडलेला प्रकार एवढंच माहीत. मला पण तेवढंच माहीत होतं.

खरेदी. मार्केटजवळच्या एका छोट्या वाइन शॉपमधून दोन बाटल्या घेतल्या, एक काझुलो ब्रँडची काजू आणि एक माडाची. माडाची म्हणजे सुरापासून (नारळाच्या झाडाची ताडी) काढलेली, ती जास्त करून दक्षिण गोव्यात होते. दुकानदार काका काउंटरवर पेपर वाचत होते, मी विचारलं कॉकटेलला कुठली चांगली, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "कॉकटेलला साधी चालते, चांगली सरळ प्यायची." असा विक्रेता मी आयुष्यात पाहिला नाही, स्वतःच गिऱ्हाइकाला स्वस्तातलं सांगतोय. तरी मी महागाची घेतली, आणि महागाची म्हणजे तरी किती, दोन्ही मिळून खर्च एका बऱ्या इंपोर्टेड जिनच्या बाटलीच्या आत बसला. हिशोब सोपा आहे, ७५० मिलीच्या बाटलीत ४५ मिलीचे सोळा ग्लास होतात, आम्ही आठ जण, माणशी दोन. त्याच्यावर कोणाला लागली तर माडाची होतीच.

सामान म्हणाल तर माझ्याकडे काही नव्हतं. जिगर (दारू मोजायचं छोटं माप) नव्हता, औषधाच्या बाटलीचं झाकण असतं ना दहा मिलीचं, त्याने मोजलं, साडेचार झाकणं. शेकर म्हणून नवऱ्याचा जिमचा प्रोटीन शेकर. इथे दुसरी चूक, नवऱ्याने उत्साहात त्याच्यात फेणी, लिंबू आणि लिम्का सगळं एकदम घालून हलवलं. सोडा बंद डब्यात हलवायचा नसतो हे आठवीत शिकवतात. झाकण उडालं, पंख्यापर्यंत फवारा, आणि पुढचे चार दिवस आमच्या हॉलला बोंडूचा वास. बर्फाचं एक मात्र जमलं, ट्रेमधले बारके खडे लगेच वितळून सगळं पाणचट करतात म्हणून मी वाट्यांमध्ये पाणी लावलं आणि एका ग्लासात एकच मोठा तुकडा टाकला. हे कराच.

आता ग्लासांचा रिव्ह्यू.

लिम्का-फेणी, म्हणजे इथला हुर्राकचा जो नेहमीचा फॉर्म्युला तोच. फेणी, लिंबू, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, वरून लिम्का. काही विचार करायचा नाही, तीस सेकंदात होतं, आणि मिरची तिखट लागत नाही, तिचा फक्त हिरवा वास येतो जो फेणीच्या वासाला बरोबर भिडतो. मिरची पंधरा मिनिटांच्या वर ठेवलीत तर मात्र ठसका लागेल.

कोकम. ही पार्टीची हिरॉइन. अमृत कोकमचं गोड सरबत वापरू नका, आगळ आणा, ते मिठातलं आंबट असतं ते. फेणी ४५ मिली, आगळ १५, गुळाचा पाक २० (गूळ आणि पाणी समसमान, विरघळेपर्यंत गरम करा, गार करा, बस), मोठा बर्फ आणि सोडा. ग्लासच्या कडेला भाजलेल्या जिऱ्याची पूड. रंग असा येतो की डाळिंबी पैठणी आठवावी. आगळात मीठ असतं म्हणून वेगळं घालायचं नाही, मी पहिल्या ग्लासात घातलं आणि तो ग्लास बेसिनला पाजला. ज्या वहिनी "आम्ही नाही हो घेत" म्हणत आल्या होत्या त्यांना मी तेच फेणीशिवाय दिलं, तर त्यांचे तीन ग्लास झाले, आणि त्यांच्या यजमानांनी "बघू तुझं कसं लागतं" करत माझा अर्धा संपवला.

संत्र्याचं मी नाताळासाठी जमवलं कारण तोवर बाजारात नागपुरी संत्री आली होती. ताजा रस ९० मिली, फेणी ४५, लिंबू थोडं, गुळाचा पाक थोडा, वर जायफळ किसून. हे मात्र शेकरमध्ये हलवायचं, सोडा नाही ना त्यात. वरून सालीचा तुकडा ग्लासावर धरून पिळायचा, त्यातून जो बारीक फवारा उडतो त्यानेच अर्धं काम होतं. डब्यातला ज्यूस घेतलात तर त्या गुलाबी मिक्सरच्याच रांगेत जाऊन बसाल.

माडाची फेणी शहाळ्याच्या पाण्यात, हे मला वाटलं होतं की भारी होईल. नाही झालं. कागदावर नारळाला नारळ, ग्लासात मात्र फिकं, कुठेतरी ताप आल्यावर प्यायल्यासारखं. आंटीने माडाची नुसतीच, बर्फाशिवाय, चमचाभर घेतली आणि खुशीत बसली, तेव्हा वाइन शॉपवाल्या काकांचं म्हणणं पटलं. चांगली सरळच प्यायची.

आणि हेच मला ह्या सगळ्यातून कळलं की फेणी लपवायला गेलात तर फसाल. मी एक आयतं गोड सिरप घालून बघितलं, एक कोल्ड कॉफीत घालून बघितलं (हसू नका), दोन्हीत असं वाटत होतं की चांगल्या घरात कोणीतरी चप्पल घालून आलंय. तिचा वास जाणार नाही, तो गृहीत धरूनच बाकीचं घ्यायचं, आंबट, खारट, मिरची, गूळ. म्हणजे थोडक्यात जे आपण कैरीला करतो तेच.

खायला मी सुक्या बांगड्याची कोशिंबीर, चोरीस (गोव्याचं पोर्क सॉसेज) पाव आणि पुण्याहून आलेला चिवडा ठेवला होता. चिवडा आधी संपला. चोरीस तिखट आणि आंबट दोन्ही असल्याने कोकमच्या ग्लासाबरोबर जरा जास्तच आंबट होतं, लिम्कावाल्याबरोबर मस्त जातं.

आता तो कापलेला मार्क. वास जात नाही. ग्लास दोनदा घासले तरी राहतो, फ्रीजमध्ये बाटली नीट बंद नसेल तर दुधाला लागतो (चहा प्यायलाय आम्ही तसा, सांगायची सोय नाही), आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या अंगाला येतो. ऑफिस असेल तर विचार करा. शिवाय गोड-आंबट ग्लासात ४२ टक्के कळत नाही. आमच्यातला जो "गावठी हलकी असते"वाला होता त्याने कोकमचे चार घेतले आणि पहाटे नरकासुर जळताना तो आमच्या सोफ्यावर, चादर डोक्यावरून घेऊन. त्याच्या गाडीची चावी मी दहा वाजताच डाळीच्या डब्यात टाकली होती, तुम्हीही टाका. पुणे-मुंबईहून येऊन बाटल्या परत न्यायच्या असतील तर परमिटचं आधी बघा, राज्याबाहेर दारू न्यायला लागतं ते, चेकनाक्यावर हुज्जत घालू नका.

पहाटे सगळे गच्चीवर गेलो, खाली पेटलेला राक्षस, कागद आणि गवताचा धूर, आणि सात वाजता वहिनींनी बोलावून घेतलं फोव खायला. पाच तऱ्हेचे पोहे, रोसातले म्हणजे नारळाच्या दुधातले गोड, ताकातले, बटाट्याचे, आणि अजून दोन. आदल्या रात्री पहिल्यांदा घरी आलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात मी सकाळी पाटावर बसून पोहे खात होते, न झोपलेली, केसांना फेणीचा वास. त्यांनी केसांबद्दल काही म्हटलं नाही, फक्त अजून एक वाडगा पुढे सरकवला.

नाताळला आंटीने इथल्या गोडधोडाचं ताट पाठवलं, नेवऱ्या, दोदोल, बेबिंकचा एक जाड तुकडा. ताट रिकामं परत कसं पाठवायचं म्हणून मी संत्र्याच्या फेणीची छोटी बाटली पाठवली, वर जायफळ वेगळ्या पुडीत. अर्ध्या तासाने जिन्यातून तिचा आवाज, जायफळ कमी आहे म्हणून. ३१ला खाली पोरं जुन्या कपड्यांचा ओल्ड मॅन करून वर्गणी मागत फिरत होती, त्यांना पैसे दिले आणि उरलेला गुलाबी मिक्सर सोडा घालून दिला. त्यांना आवडला म्हणे.

आता बाटलीत तळाला दोन बोटं उरली आहेत. आंटीने ती संपवू नकोस म्हणून सांगितलंय, कोणाला सर्दी झाली तर छातीला चोळायला. आणि दोन रिकाम्या बाटल्या धुऊन ठेव म्हणालीये, मार्चमध्ये तिच्या भावाच्या गावाहून हुर्राक येतो तेव्हा लागतील. धुतल्यात, उन्हात वाळवल्यात, तरी वास येतोच.