भारतात परतल्यावरचा अनुभव: पुण्यातला पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा पाहून

जर्मनीत दहाएक वर्षं काढून जून 2025 मध्ये, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला, आम्ही पुण्यात परतलो. मी, नवरा आणि आठ वर्षांची मुलगी. सासू-सासरे इथेच होते. आता तिन्ही ऋतू पाहून झालेत. परत यावं की नाही अशा विचारात असलेले बरेच ओळखीचे विचारतात, "कसं वाटतंय?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. सुट्टीत दोन-तीन आठवडे येऊन दिसतो तो देश वेगळा आणि शाळा, दवाखाना, टँकर, सोसायटीच्या मीटिंगसकट राहावं लागतं तो वेगळा.

आधी दवाखान्याबद्दल, कारण आम्ही परत आलो ते मुख्यतः सासऱ्यांच्या तब्येतीसाठी. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. जर्मनीत उपचार चांगलेच मिळतात आणि विम्यामुळे खिशाला फारशी झळ लागत नाही, पण तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळायला कित्येक आठवडे जातात. इथे बाबांचा गुडघा सुजला तर त्याच संध्याकाळी हाडांच्या डॉक्टरांनी पाहिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रक्त घ्यायला लॅबचा मुलगा घरी आला आणि संध्याकाळच्या आत रिपोर्ट मोबाइलवर. डॉक्टर मराठीत बोलतात, "काका, दिवसातून जिना किती वेळा चढता?" असं निवांत विचारतात. म्हाताऱ्या माणसाला आपल्या भाषेत दुखणं सांगता येणं ही मोठी गोष्ट आहे. पैसे मात्र मोजावे लागतात. सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न घालता वर्षाला 5 लाखांपर्यंतचं आयुष्मान कार्ड ऑक्टोबर 2024 पासून मिळतं. आम्ही सासू-सासऱ्यांचं, दोघांचंही काढून घेतलं. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर उपयोगाचं; रोजच्या गोळ्या आणि तपासण्या आपल्याच खिशातून. शिवाय जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते शांतपणे आधीच शोधून ठेवा. ऐन वेळी ते सुचत नाही.

कागदोपत्री कामं सोपी झालीत. भाडेकरार ऑनलाइन नोंदवला, एजंट घरी येऊन अंगठे घेऊन गेला. यूपीआयबद्दल वेगळं सांगायला नको.

मुलीचं मराठी ही माझी सगळ्यात मोठी कमाई. तिथे ती आमच्याशी मराठी बोलायची, पण ते घरापुरतं. आता ती आजीशी भांडते, रिक्षावाल्या काकांशी गप्पा मारते, खेळताना चिडून ओरडते तीही मराठीत. डिसेंबरमध्ये तिला सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला नेलं. भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला हा उत्सव अजून भारतीय बैठकीवर हजारो माणसं एकत्र बसून ऐकतात. शेजारच्या अनोळखी आजोबांनी डब्यातली चिक्की काढून तिच्या हातावर ठेवली आणि "हा पूरिया बरं का," म्हणून सांगितलं. हे तिथे मी तिला देऊ शकत नव्हते.

आता जे खुपतं ते. उंबरठ्याच्या आत आमचं आयुष्य आधीपेक्षा भरलेलं आहे. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं की त्रास सुरू होतो.

मुलीची शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. जर्मनीत पहिलीपासून मुलं आपापली चालत शाळेत जातात, माझी मुलगीही मैत्रिणींबरोबर जायची. इथे मी तिला एकटी सोडू शकत नाही, कारण चालायला जागाच नाही. पदपथ सुरू होतो, विजेच्या डीपीच्या पेटीपाशी संपतो, पुढे दुकानाची पायरी, मग लावलेल्या दुचाकी, मग उघडं चेंबर. पदपथावरूनच दुचाकी येतात. रस्ता ओलांडताना गाडी थांबेल याचा भरवसा नाही. त्यामुळे दहा मिनिटांच्या अंतरासाठी व्हॅन लावली. आठ वर्षांच्या मुलीकडून एकटीनं चालत जाण्याचा आनंद काढून घ्यावा लागला, याचं मला अजून वाईट वाटतं. सासूबाईंचंही तेच. पडण्याच्या भीतीनं त्या सोसायटीच्या आवारातच फेऱ्या मारतात. मुलं आणि म्हातारी माणसं यांना रस्त्यावरून हद्दपार केलंय आणि त्याची कुणाला फारशी खंत दिसत नाही.

दुसरं पाणी. आम्ही सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचा मिळून साठा सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट). धरण इतकं जवळ की रविवारी भजी खायला लोक तिथे जातात. तरी एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर येतात आणि देखभाल खर्च वाढतो. शहराची हद्द वाढली. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुण्यात आली. इमारती त्याच्याही आधी आल्या होत्या. पाण्याच्या वाहिन्या मागून येतायत. आम्ही येण्याच्या आधीच्या जानेवारीत याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसची (गुलेन-बारी सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) साथ आली. राज्यात दोनशेच्या पुढे रुग्ण सापडले आणि संशय दूषित पाण्यावर होता. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले. आमच्या घरी आजही पाणी गाळून, वर उकळून प्यायलं जातं.

आवाजाबद्दलही लिहायलाच हवं. गणपती मला प्राणप्रिय आहेत. ढोल-ताशा ऐकून अंगावर काटा येतो. पण मिरवणुकीत भिंतीसारखे रचलेले स्पीकर आले की सासऱ्यांना दार-खिडक्या लावून आतल्या खोलीत बसावं लागतं. 2025 ची विसर्जन मिरवणूक तीस तासांच्या पुढे गेली. उत्सव वर्षातून एकदा, हे मान्य. पण मग लग्नाची वरात, वाढदिवसाचे फटाके, हळदीचा डीजे हे वर्षभर चालूच असतं.

यावर इथे सगळे एकच सांगतात: "आपल्या लोकांनाच शिस्त नाही." मला हे अजिबात पटत नाही. हीच माणसं मेट्रोत बसतात. मार्च 2022 ला पहिला टप्पा सुरू झाला आणि सप्टेंबर 2024 मध्ये गाडी जमिनीखालून स्वारगेटपर्यंत पोचली. डबे स्वच्छ आहेत, पिचकाऱ्या नाहीत, लोक जिन्यावर डावीकडे उभे राहतात. माणसं बदललेली नाहीत. तिथे रोज फरशी पुसली जाते, कुणीतरी लक्ष ठेवून असतं आणि बिघडलं तर कुणाला विचारायचं ते ठाऊक असतं. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले, तर लोक बसतात, चालतात, मुलं खेळतात. आमच्या गल्लीतल्या उघड्या चेंबरबद्दल मी तक्रार केली, तेव्हा एका कार्यालयानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं केबल टाकणाऱ्यांकडे. चेंबर कुणाचं तेच ठरेना. शेवटी सोसायटीच्या रखवालदारानं त्यावर फरशी टाकली. मालकीच ठरलेली नसेल तर शिस्त नेमकी कुणी पाळायची? पुण्यात मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती जानेवारी 2026 मध्ये. जवळपास चार वर्षं एवढ्या मोठ्या शहराला प्रभागात जाऊन जाब विचारण्यासारखं कुणी नव्हतं. त्यामुळे या वेळी मतदानाला आम्ही घरातले चौघंही गेलो आणि निवडून आलेल्यांना पहिलं पत्र त्या चेंबरचंच लिहिलं.

रोज सकाळी दारात कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई हे मला पुण्याचं वैभव वाटतं. कचरावेचक कष्टकऱ्यांची ही स्वतःची सहकारी संस्था आहे. तिच्या मागे 1993 पासूनचं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं काम आहे, बाबा आढावांसारख्यांचं आयुष्य आहे. जर्मनीत चार रंगांच्या डब्यांचं कौतुक करणारे आपण, इथे ओला-सुका वेगळा करून देताना कुरकुर करतो, हे बरोबर नाही. ताई तो उघड्या हातांनी निवडतात.

आणि याच जागी माझं मन सगळ्यात जास्त अडखळतं. इथलं आमचं सुख स्वस्त श्रमांवर उभं आहे. स्वयंपाकाच्या मावशी, बारा-बारा तास उभा रखवालदार, दहा मिनिटांत दूध आणणारा मुलगा. ओळखीच्या एका सोसायटीत घरकामाच्या बायकांनी फक्त सामानाच्या लिफ्टनं जायचं असा फलक आहे. मी तो पाहिला तेव्हा संताप आला. जर्मनीत माझं घर मीच पुसायचे, आणि जिना पुसणाऱ्या बाईंना कुणी वेगळ्या दारानं पाठवत नव्हतं. आम्ही मावशींना महिन्याच्या चार पगारी सुट्ट्या आणि दिवाळीला एक पगार देतो. इमारतीतल्या तिघी-चौघींनी आता तसंच सुरू केलंय. पण हे उपकार म्हणून व्हायला नको, कायद्यानं व्हायला हवं.

एसटीबद्दल थोडं. महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट. बाबा त्या जोरावर एकटे वाईला भावाकडे जाऊन येतात. पण फेब्रुवारी 2025 मध्ये स्वारगेटला उभ्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला, तेव्हापासून पहाटेच्या गाडीनं मी भाचीला एकटी पाठवत नाही. पुणे बायकांना बरं, असं मीही म्हणायचे. दिव्याखाली आणि गर्दीत बरं, एवढंच आता म्हणेन.

येणार असाल तर पहिल्या वर्षी घर घेऊ नका. अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं राहा. सोसायटी मे महिन्यात जाऊन बघा आणि बिल्डरला नाही, रखवालदाराला विचारा की दिवसाला टँकर किती येतात. शाळा घराच्या आधी ठरवा आणि गेटपासून घरापर्यंतचा रस्ता मुलाला घेऊन, सकाळी आठ वाजता, स्वतः चालून बघा. सिंहगड रस्त्याला मेट्रो नोव्हेंबर 2025 मध्ये मंजूर झालीय, पण ती गाडी धावेपर्यंत रस्ता खोदलेलाच असेल असं धरून चाला. मतदार यादीत नाव घालायचा अर्ज मात्र आल्या आल्या भरा.