थंडीआधी शेततळ्यातल्या माशांना काय द्यावं: व्हिटॅमिन सी, ग्लुकन, लसूण की प्रोबायोटिक?

दिवाळी जवळ आली की रावेर-यावलकडच्या शेततळेवाल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "दुकानदार इम्युनिटीची पावडर देतोय, घेऊ का भाऊ?" घाई करायला कारण आहे. पाणी गार झालं की रोहू-कटला खाणं कमी करतात, आणि खाद्यातून दिलेलं काहीही मग पोटात जात नाही. जे द्यायचं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच.

हिशेबाला 30 बाय 30 मीटरचं, प्लॅस्टिक अस्तराचं तळं धरू. 900 मासे, सरासरी पाव किलोचे. एकूण वजनाच्या दोन टक्क्यांनी रोजचं खाद्य साडेचार किलो.

माझी पहिली पसंती व्हिटॅमिन सीला. बहुतेक माशांना ते अंगात तयार करता येत नाही, आणि जखम भरायला, ताण सोसायला ते लागतंच. अस्तराच्या तळ्यात नैसर्गिक खाद्यही बेताचंच, म्हणून इथे जास्त गरज. मात्रा किलो खाद्याला अर्धा ग्रॅम, म्हणजे महिन्याला सत्तर ग्रॅमसुद्धा नाही. साधं व्हिटॅमिन सी हवेत आणि पाण्यात लवकर वाया जातं, त्यामुळे फॉस्फेट रूपातलं टिकाऊ घ्या. डब्यावर 35 टक्के लिहिलं असेल तर पावडर जवळपास तिप्पट लागते. इथेच लोक चुकतात.

बीटा ग्लुकन महाग. ते यीस्टच्या पेशीभिंतीतून काढतात. माशाच्या शरीराला वाटतं जंतू शिरला, आणि लढणाऱ्या पेशी आधीच कामाला लागतात. पण रोज खोटी हाक मारली तर पहारेकरीही उठेनासा होतो. सतत दिलं तर असर उतरतो. किलोला एक ग्रॅम, दोन ते चार आठवडे, मग बंद. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडताना किंवा थंडीच्या तोंडावर दिलं तर पैसे वसूल. बारा महिने खाऊ घालायचा सल्ला देणारा माल विकतोय, एवढं समजा.

लसूण घरचाच. किलोला पाच ते दहा ग्रॅम वाटून दिला तर मासे खाद्यावर तुटून पडतात, काही जिवाणूंनाही तो आवरतो. पण प्रत्येक गड्ड्याचा जोर वेगळा. हाताशी पैसा नसेल तर जरूर द्या, व्हिटॅमिन सीच्या जागी मात्र नको.

यातलं काहीही मिसळायची रीत एकच. सावलीत ताडपत्रीवर खाद्य पसरायचं, पावडर वाटीभर पाण्यात कालवून हाताने शिंपडायची, चोळायची, पंधरा-वीस मिनिटांनी वरून थोडं शेंगदाणा तेल. तेलाचा थर नसेल तर औषध पाण्यात धुऊन जातं. उन्हात वाळवू नका.

प्रोबायोटिकवर, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या मिश्रणावर, मी हात पोळून घेतलेत. पाण्यात टाकायचं मिश्रण गुळात रात्रभर भिजवून सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी पोटॅशियम परमँगनेट ओतलं. चांगले-वाईट सगळेच जिवाणू मेले, वर खर्च दुप्पट. शिवाय हे जिवाणू प्राणवायू खातात. संध्याकाळी सोडलं तर पहाटे मासे तोंड वर काढतात. सोडायचंच तर सकाळी ऊन चढल्यावर. खाद्यातून द्यायचं बॅसिलस जातीच्या जिवाणूंचं प्रोबायोटिक त्यापेक्षा बरं, पण घाण साचलेल्या तळ्यात त्याचाही उपयोग नाही.

अंगावर लाल चट्टे, मग खोल जखमा, असा थंडीतला रोग आपल्याकडे भारतात 1988 पासून आहे. मूळ कारण पाण्यातली ॲफॅनोमायसिस नावाची बुरशीसारखी जात. तो दिसल्यावर पावडर पुरत नाही. भुवनेश्वरच्या सीफा या मत्स्यसंशोधन संस्थेचं सिफॅक्स हे औषध त्यासाठी आहे, हेक्टर-मीटरला (म्हणजे एक कोटी लिटर पाण्याला) एक लिटर. आपल्या तळ्यात साधारण वीस लाख लिटर पाणी असतं, म्हणजे 200 मिली पुरे. चुनाही चालतो, पण त्याच पाण्यावर केळीचं ठिबक असेल तर जपून, नळ्या चोंदतात. आणि माशांच्या अंगाला चिकटणाऱ्या उवा लागल्या तर इम्युनिटीचा डबा उघडूच नका, तो इलाज वेगळा.

झिंगा टाकायचा विचार असेल तर गणित बदलतं. झिंग्याच्या शरीरात अँटिबॉडी तयारच होत नाहीत, म्हणून माशासारखी लस तिथे चालत नाही. ग्लुकन तिथे जास्त कामाचं, तरी पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूपुढे खरी भिस्त तपासलेल्या रोगमुक्त बीजावर. अँटिबायोटिकची पुडी कोणी पुढे केली तर परत करा. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानवर बंदी आहे.

मी यंदा दोनच गोष्टी घेतल्या: टिकाऊ व्हिटॅमिन सी महिनाभर आणि ग्लुकन पहिले तीन आठवडे. प्रोबायोटिकचे पैसे एअरेटरच्या (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राच्या) वायरिंगला गेले, कारण पहाटे लाइट गेली की त्याआधीची सगळी पावडर पाण्यात.