गॅस गिझर पेटेना, आणि मिस्त्रीनं आम्हाला लुटलं

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी असं खारट की पाण्याच्या गुंडाला महिन्याभरात पांढरा थर चढतो. नळाचं गोडं पाणी प्यायला-रांधायला, आंघोळ-धुणं सारं बोअरवर. हे आधीच सांगतो, कारण बिघाड या पाण्याचाच होता.

डिसेंबरात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सव्वा महिना दोन्ही वेळ गरम पाणी लागतं. बाळ बारा दिवसांचं असताना एका सकाळी न्हाणीतला गॅस गिझर पेटेचना. एरवी नळ सोडला की टक टक टक वाजून जाळ धरायचा. त्या दिवशी आवाजच नाही.

मोबाईलवर शोधलं, ‘अधिकृत सर्व्हिस सेंटर’ लिहिलेला पहिला नंबर लावला. दुपारी एक पोरगा आला. गळ्यात ओळखपत्र होतं, ते मी वाचलं नाही. झाकण काढून म्हणाला, “काकाजी, सर्किट जळालं. नवीन टाका लागते. नाही टाकलं तं गॅस लीक होऊन सिलिंडर फुटते.” घरात ओली बाळंतीण, आणि समोरचा माणूस सिलिंडर फुटेल म्हणतो. तिथं भाव कोण करतो? मी हो म्हणालो. मग त्यानं मला एकदा रेग्युलेटर बंद करायला आणि एकदा बादली आणायला पाठवलं. परत आलो तर काम झालेलं. ३,४०० रुपये घेतले. जुनं सर्किट मागितलं तर “ते कंपनीत जमा करा लागते.” पावती म्हणून वहीचा कागद, त्यावर रक्कम आणि मोबाईल नंबर.

पैशाचं दुःख मी गिळलं असतं. पण जाता जाता तो न्हाणीच्या खिडकीकडं बघून म्हणाला, “हवेनं ज्योत विझते. हे बंद करून टाका.” त्याच संध्याकाळी मी माझ्या हातानं खिडकीला जाड प्लॅस्टिक ठोकलं.

दोन दिवसांनी लेक आंघोळ करून भिंत धरत बाहेर आली. डोकं ठणकतंय, मळमळतंय म्हणाली. आम्हाला वाटलं बाळंतपणाचा अशक्तपणा. हिनं डिंकाचा लाडू दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाळाची आंघोळ आतल्या खोलीत व्हायची, म्हणून बाळ वाचलं.

सहाव्या दिवशी गिझर पुन्हा बंद. त्या नंबरवर फोन केला तर “आता व्हॉल्व्ह गेला, २,२०० लागतील.” नेमका त्याच दिवशी भाचा बाळाला बघायला आला. तो आयटीआय झालेला फिटर. न्हाणीत शिरला आणि गिझरला हात लावायच्या आधी त्यानं ते प्लॅस्टिक ओरबाडून काढलं. “मामाजी, हे काहून लावलं? ताई इथं झोपून राह्यली असती ना!”

बंद जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरमधल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा धरतो, माणूस बसल्याजागी बेशुद्ध पडतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही त्याचीच सुरुवात. त्याच संध्याकाळी लेकीला डॉक्टरकडे नेलं. आता ती बरी आहे.

मग भाच्यानं गिझरच्या पाण्याच्या पाईपचा नट खोलला. आत बोटाच्या पेराएवढी जाळी, क्षारानं चुन्यासारखी गच्च भरलेली. पाण्याच्या दाबानं आतला रबरी पडदा सरकतो, तो खटका दाबतो, तेव्हा सेलची वीज ठिणगी पाडते आणि गॅस सुटतो. पाणीच जोरात येत नसेल तर ठिणगी पडणार कशी? लिंबाच्या रसात जाळी भिजवली, जुन्या टूथब्रशनं घासली, बसवली. टक टक टक, आणि जाळ.

नंतर त्यानं मला सर्किटचा डबा दाखवला. त्याच्या स्क्रूवर कुंभारीण माशीनं बांधलेलं मातीचं घर होतं, वाळलेलं, कुठं टवकाही गेलेला नाही. म्हणजे तो डबा कुणी उघडलाच नव्हता. गिझरचे दोन सेल तेवढे नवे दिसत होते. सेल बदलून, जाळी झटकून त्यानं ३,४०० घेतले होते.

तुमचा गिझर पेटत नसेल तर आधी कान द्या. टक टक अजिबात येत नसेल तर सेल, जाळी आणि टाकीचं पाणी बघा. टाकी १० मीटर उंच असेल तेव्हा कुठं १ बार दाब मिळतो. आपल्या स्लॅबवरच्या टाकीचा दाब मुळातच कमी, त्यात जाळी तुंबली की संपलं. टक टक येते पण जाळ धरत नाही, तर सिलिंडर आणि रेग्युलेटर बघा. गॅसचा वास आला तर मात्र काही करून बघू नका. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, लाईटच्या बटणाला हात नाही, आणि घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन. मिस्त्रीचा नंबर वॉरंटी कार्डावरून घ्या, काम होईस्तोवर तिथून उठू नका, काढलेला पार्ट ताब्यात ठेवा. ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, पण तक्रारीला पक्कं बिल हाताशी असलं तर जोर येतो. माझ्याकडं वहीचा कागद.

हिला आठवलं, तो पोरगा त्याच दिवशी मागच्या गल्लीतही गेला होता. भाचा आणि मी रात्रीच तिथं गेलो. त्यांच्या न्हाणीच्या खिडकीला खताची रिकामी पिशवी ठोकलेली होती. घरच्यांना उठवलं आणि त्यांच्यासमोर ती काढली.