गोणी, घरचं दळण की उकिरडा?

कारंज्याकडच्या आमच्या एका पाव्हण्यानं पन्नास ग्रामप्रिया जातीच्या कोंबड्या आणल्या अन् त्याच रात्री फोन केला, "भाऊ, तयार खाद्याची गोणी आणू, का घरचाच मका भरडू? का सोडून देऊ वावरात?" फोनवर अर्धंच बोलणं झालं. मी हे तिन्ही करून पाहिलं आहे, म्हणून राहिलेलं इथे लिहितो.

आधी कोंबडी कोणती ते पाहा. गावरान वर्षाला 50 ते 80 अंडी देते, मधेच खुडूक बसते. तिला भारी गोणी चारली तर चरबी धरेल, 200 अंडी काही देणार नाही. ग्रामप्रिया, कावेरी या सुधारित जाती दीडशेच्या पुढे जातात, पण तेवढं पोटात गेलं तरच. पिंजऱ्यातली पांढरी लेयर, म्हणजे खास अंड्यांसाठीची कोंबडी, 300 च्या घरातली. तिला गोणीच, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

वावरात सोडलेल्या कोंबडीला पावसाळाभर किडे, गवत, वाळवी मिळते. मळणीनंतर सांडलेले दाणे. बलक असा केशरी की गिऱ्हाईक घरी येऊन नेतं. पण एप्रिल-मेमध्ये वावरात काय असतं? ढेकळं. तेव्हा अंडी थांबतात अन् दोष उन्हावर जातो. निम्मी अंडी शेजाऱ्याच्या कुटाराच्या ढिगात सापडतात ती वेगळीच. दहा-पंधरा गावरान असतील तर हेच बरं. फक्त संध्याकाळी कोंबडीमागे मूठभर मका-कनकी द्या अन् शिंपल्याचा जाड चुरा ठेवा.

गोणीच्या लेयर खाद्यात प्रथिनं 16 ते 18 टक्के, कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के. एक कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते. पन्नास कोंबड्यांना 50 किलोची गोणी नऊ दिवस पुरते. यातला खरा फायदा म्हणजे रोज तेच अन् तेवढंच मिळतं. गोणीवरची तारीख मात्र वाचून घ्या. मला एकदा आत गाठी झालेली, कुबट वासाची गोणी मिळाली होती. आणि लहान पिल्लांना हे खाद्य घालू नका. एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. पहिली अंडी दिसू लागली की सुरू करा.

घरचं दळण स्वस्त पडतं, पण चुकाही तिथेच होतात. शंभर किलोला मी मका 55, सोयाबीनची ढेप 24, तांदळाचा कोंडा साडेनऊ, शिंपला-चुनखडी 9, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) दीड किलो, मीठ 300 ग्रॅम अन् उरलेल्या 700 ग्रॅममध्ये मिथिओनिनसकट (हे एक अमिनो आम्ल) जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण असं धरतो. प्रथिनं 17 टक्क्यांच्या आसपास बसतात. ढेपेऐवजी घरचं कच्चं सोयाबीन भरडून टाकाल तर प्रथिनं पचणारच नाहीत. ते भाजावंच लागतं. मका ओला राहिला तर बुरशी धरते अन् तिचं विष यकृतावर जातं.

आणि सरकी! घरची ढेप पडून होती म्हणून मी महिनाभर बिनधास्त घातली. शेजारच्या वहिनींनी आठवडाभर ठेवलेलं अंडं फोडलं अन् तशीच वाटी घेऊन आल्या, "भाऊजी, हे पाहा, पिवळं कुठी हाय याच्यात?" बलक शेवाळी हिरवट, पांढरं गुलाबीसर. सरकीतलं गॉसिपॉल नावाचं द्रव्य बलकाचा रंग बिघडवतं, तिच्या तेलातले काही घटक पांढऱ्याचा. गायीला ढेप चालते म्हणून कोंबडीला चालत नाही.

घरच्या दळणात सगळ्यात जास्त विसरतं ते कॅल्शियम. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि 100 ग्रॅम मक्यात ते नावालाही नसतं. मग कोंबडी स्वतःच्या हाडातून काढते. आधी कवच पातळ, मग पिचकी अंडी, मग पाय लुळे. कवच मुख्यतः रात्री चढतं, म्हणून जाड शिंपला संध्याकाळी द्या. पिठासारखा चुरा पोटात तेवढा टिकत नाही.

उन्हाळ्यात 45 अंशात गोणी असो की दळण, कोंबडी खातच नाही. पहाटे अन् दिवस कलल्यावर खाद्य, दिवसभर सावलीत गार पाणी. पाणी तुटलं की दुसऱ्याच दिवशी टोपलीत फरक दिसतो.

एक मधला रस्ता आहे: लेयर कॉन्सन्ट्रेट (मका सोडून बाकी सगळं असलेलं तयार मिश्रण) आणून गोणीवर छापलेल्या प्रमाणात घरचा भरडलेला मका मिसळायचा. पन्नास-शंभर कोंबड्यांना मला हाच पटतो, कारण ढेप, डीसीपी, मिथिओनिन तोलायची कटकट जाते. मात्र मका घरचा हवा. पन्नास कोंबड्यांना वर्षाला 20 क्विंटल खाद्य लागतं, त्यात मकाच 11 क्विंटलच्या आसपास. विकत घेऊन भरडायचा असेल तर गिरणी, भाडं धरून गोणीशी ताडून पाहा. बरेचदा फरक फार उरत नाही.

पाव्हण्याचा मका चारच क्विंटल निघाला. म्हणजे चार महिने कॉन्सन्ट्रेट, पुढे गोणी. बदल करताना आठवडाभर नवं-जुनं मिसळून घाल, असं त्याला सांगितलंय. एकदम बदललं की कोंबड्या तोंड फिरवतात.