गोळा येईपर्यंत चाला: देखरेखीखालच्या व्यायामाचे सात महिने

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नळ-फिटिंगचं दुकान आहे. गेल्या वर्षी मी रोज त्या दुकानासमोर दोन-तीन मिनिटं उभा राहायचो. शेवटी मालकानं विचारलंच, "काका, बाथरूम करायला काढलंय का?" मला नळ नको होता. घरापासून साधारण दोनशे पावलं आलो की उजव्या पोटरीत गोळा यायचा. थांबलं की दोन-तीन मिनिटांत आपोआप जायचा, पुन्हा चाललं की पुन्हा यायचा. भर रस्त्यात नुसतं उभं राहायला लाज वाटते, म्हणून नळ बघायचे. पुढं कळलं की जर्मन लोक या दुखण्याला चक्क 'दुकानाच्या काचेचा आजार' म्हणतात. म्हणजे तिकडचे म्हातारेही हेच करत असणार.

मी सांगलीचा. मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात एकतीस वर्षं दिवाणजी होतो. साखर चौदा वर्षांपासून आणि सिगारेट त्याच्याही आधीपासून. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ या दोन गोष्टींत आहे.

पहिलं वर्ष तेल, शेक आणि कमरेच्या पट्ट्यात गेलं. सगळ्यांचं एकच, मणक्याची नस दबलीय. मग एका डॉक्टरांनी मोजे काढायला लावले, पावलाच्या पाठीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. उजव्या पायाची नाडी लागत नव्हती. त्यांनी मिरजेला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवलं. तिथं दंडाला आणि घोट्याला बीपीचा पट्टा बांधून, रक्ताचा प्रवाह ऐकवणारं पेनासारखं डॉपलर फिरवून दाब मोजला. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबानं भागायचं, याला एबीआय म्हणतात. निरोगी माणसात हा आकडा एकाच्या आसपास असतो, ०.९ किंवा त्याखाली गेला की पायाची रक्तवाहिनी अरुंद झालीय असं धरतात. माझा डावा ०.८८, उजवा ०.६१. मधुमेहात कधी कधी रक्तवाहिन्या कडक होऊन हा आकडा खोटाच चांगला येतो, म्हणून त्यांनी पायाच्या अंगठ्याचाही दाब बघितला.

मला वाटलं आता रक्तवाहिनी रुंद करायला आत फुगा घालणार. सर्जन म्हणाले, "आधी सिगारेट बंद. रक्त पातळ करायची एक गोळी, कोलेस्टेरॉलची एक. आणि तीन महिने फिजिओकडे ट्रेडमिल, आठवड्यातून तीनदा. त्यानंतर फुग्याचं बघू." चालल्यावर दुखतं म्हणून आलेल्या माणसाला औषध काय, तर चाला! बसमध्ये परत येताना मी सर्जनला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या.

आता प्रत्यक्ष काय करतात ते सांगतो. ट्रेडमिलचा वेग ताशी ३.२ किलोमीटर, सुरुवातीला चढ नाही. दुखण्याला शून्य ते चार आकडे. एक म्हणजे आता सुरू झालं, दोन म्हणजे बऱ्यापैकी, तीन म्हणजे जोरात, चार म्हणजे आता पाऊल उचलणार नाही. फिजिओ मॅडम शेजारी वही घेऊन बसायच्या आणि अर्ध्या अर्ध्या मिनिटाला विचारायच्या, "काका, किती?" दोनच्या पुढं, तीनच्या जवळ गेलं की पट्टा बंद, खुर्चीत बसायचं. गोळा पूर्ण शून्यावर आल्याशिवाय उठायचं नाही. मग पुन्हा. सुरुवातीला अर्ध्या तासात अशा पाच फेऱ्या व्हायच्या, पुढं वेळ वाढवत पाऊण तासावर नेला. सलग आठ मिनिटं चालता यायला लागल्यावर चढ एक टक्का वाढवला.

खरी गंमत त्या 'दोन' आणि 'तीन' यांच्यामध्ये आहे. मी वर्षभर काय करत होतो? एक आला की थांबत होतो. पोटरीला कधी कळलंच नाही की आपल्याला आणखी काही करायचंय. मशीनवरही पहिल्या आठवड्यात मी दीड असताना "तीन, तीन" ओरडायचो. मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान, पण तोंडाकडे बघून ओळखायच्या. "काका, तीन असताना माणूस इतकं स्पष्ट बोलत नाही. चला अजून वीस सेकंद." हे वीस सेकंद घरी कोण मागणार? बायको मागेल, पण तिचं ऐकणारा माणूस मी असतो तर सिगारेट १९९० सालीच सुटली असती.

दुसरी माझी खोड म्हणजे पुढचा दांडा धरून चालणं. दांड्यावर भार टाकला की पायाला काम कमी आणि वहीतला आकडा मात्र मोठा. मॅडम पेननं बोटांवर टकटक करायच्या, मी सोडायचो, दोन मिनिटांनी हात पुन्हा दांड्यावर. शेवटी म्हणाल्या, हातात काहीतरी धरून चाला. दुसऱ्या दिवशी मी खिशातून दोन हळकुंडं घेऊन गेलो, एकेका मुठीत एकेक. जन्म हळदीत गेला, हाताला ओळखीची वस्तू. पट्टा फिरायला लागला, घाम आला, तळवे पिवळे. पण दांडा सुटला तो सुटलाच.

थांबावं लागायचं ते अंतर तिसऱ्या आठवड्यात १९० मीटरचं २४० झालं. मी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. बायको म्हणाली, "अहो, अर्ध्या हळकुंडानं पिवळे होऊ नका." तिचं खरं ठरायला चार दिवस लागले. नव्या सँडल घालून रविवारी एकटाच हरभट रोडला फिरून आलो. पायाला काही जाणवलं नाही. जाणवणार कुठून, साखरेनं तळवे निम्मे बधिर. मंगळवारी मॅडमनी नेहमीप्रमाणे मोजे काढून पाय बघितले, तर करंगळीशेजारी फोड. बारा दिवस ट्रेडमिल बंद, ड्रेसिंग चालू. सर्जन म्हणाले, आठवडाभर उशीर केला असता तर वेगळी गोष्ट झाली असती. ज्या पायात रक्तच कमी पोचतं तिथली जखम भरायला फार वेळ लागतो, आणि कधी भरतच नाही. तेव्हापासून चालायचे बूट वेगळे आणि रोज रात्री आरसा धरून तळवे बघणं चालू आहे.

तक्रारीही आहेत. तीन महिन्यांत तीन इंटर्न बदलले. एक जण इतका भित्रा, की मी "एक" म्हटलं की पट्टा बंद करायचा. त्या आठवड्याचे आकडे वहीत बघा, सपाट. दुपारच्या वेळी लाइट गेली की ट्रेडमिल जागच्या जागी थांबायचं आणि सेशन वाया, पैसे मात्र भरलेले. एकदा मी साखरेची गोळी घेऊन नुसत्या चहावर गेलो, तर त्या दिवशी साखर कोणी तपासलीच नाही. दुसऱ्या फेरीत हातपाय थरथरले, मोजली तेव्हा ६४. बिस्किटं खाऊन निभावलं. माझीही चूक होतीच, पण ज्याला देखरेख म्हणायचं त्यात चढण्याआधी साखर आणि बीपी बघणं आलंच. त्यानंतर ते नियमानं व्हायला लागलं.

खर्च सेशनला ४०० रुपये, छत्तीस सेशनचे १४,४००, वर मिरजेचं जाणं-येणं. माझ्या पॉलिसीत अ‍ॅडमिट झाल्याशिवाय एक रुपया मिळत नाही. फुगा घातला असता तर त्यांनी लाखाच्या घरात बिल भरलं असतं, चाललो म्हणून काही नाही. अमेरिकेत मेडिकेअरनं, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्यानं, २०१७ पासून याच दुखण्यासाठी बारा आठवड्यांत छत्तीस सेशनचे पैसे द्यायला सुरुवात केली. माझं छत्तीसचं गणित तिथूनच आलं, असं मॅडम म्हणाल्या.

भाची पुण्यात फार्मसीला आहे. तिनं 'क्लेव्हर' नावाच्या अमेरिकी चाचणीबद्दल वाचून दाखवलं. २०१२ साली ती छापून आली. पोटाकडून मांडीकडे येणारी रक्तवाहिनी अरुंद झालेल्या लोकांत काहींना स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, घातला, काहींना देखरेखीखाली चालवलं, काहींना नुसत्या गोळ्या दिल्या. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर सगळ्यात जास्त सुधारणा चालवलेल्यांची. पण "तुम्हाला कसं वाटतं" या प्रश्नावर स्टेंटवाले जास्त खूश होते. मला हे पटतं. मशीनवर आकडा वाढत असतानाही दुसऱ्या महिन्यात मला घरी काही फरक वाटत नव्हता, फक्त कंटाळा वाटत होता.

बारा आठवड्यांनी हिशेब असा: गोळा आधी ११० मीटरवर सुरू व्हायचा, तो ३०० वर, थांबावं लागायचं १९० वर, ते ५२० वर. आणि एबीआय? ०.६३. मी सर्जनना म्हटलं, मशीन बिघडलंय. ते हसले. अरुंद नस तशीच राहते, चालण्यानं ती मोकळी होत नाही. मिळेल तेवढ्या रक्तातून प्राणवायू काढून घ्यायला स्नायू शिकतो, नसांचं आतलं अस्तर सुधारतं, चाल कमी खर्चाची होते. दिवाणजीच्या भाषेत सांगायचं तर आवक तेवढीच, उधळपट्टी थांबली.

पुढचा भाग सांगायला जड जातं. छत्तीस सेशन संपल्यावर मी म्हटलं, पद्धत कळली, आता विश्रामबागेतून रोज सकाळी आपलं आपण चालू. पहिला आठवडा छान. मग मित्र भेटायचे, दोन आला की गप्पांच्या निमित्तानं थांबायचं, पाऊस आला की सुट्टी. दीड महिन्यानं मोजलं तर ४६०. साठ मीटर कुठं गेले ते मलाच ठाऊक. तेव्हापासून पंधरा दिवसांतून एकदा पैसे भरून मिरजेला जातो. मधले दिवस घरी चालतो आणि प्रत्येक फेरीला किती आकड्यावर थांबलो ते वहीत लिहितो, कारण ती वही मॅडम बघणार असतात. हे बालिश आहे, पण चालतंय. सिगारेट सुटून सहा महिने झाले, तीही याच वहीच्या भीतीनं. पहिल्या महिन्यात दोनदा ओढली होती, दोन्ही वेळा लिहावं लागलं.

ज्यांना रात्री बसल्या-झोपल्याही पाय दुखतो, पाय खाली लोंबकळवला की बरं वाटतं, बोट काळं पडलंय किंवा जखम भरत नाही, त्यांनी माझं वाचून ट्रेडमिल शोधत बसू नये, त्याच दिवशी सर्जन गाठावा. पाय एकदम गार आणि पांढरा पडला तर रात्री दोन वाजले असले तरी थांबू नये. छातीत दुखत असेल तर आधी हृदयाची तपासणी. माझाही पट्ट्यावर चढण्याआधी ईसीजी आणि टू-डी इको झाला होता. आणि घरी मशीन घेऊ का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर नाही. आमच्या मेव्हण्यांकडे आहे, त्याच्यावर टॉवेल वाळतात.

जयसिंगपूरचे एक ऊसवाले शेतकरी माझ्याच वेळेला असतात. वय अडुसष्ट, दोन्ही पोटऱ्या धरतात, आणि खुर्चीत बसल्या बसल्या माझा आकडा वाचायला मान लांब करतात. गेल्या शुक्रवारी, एक टक्का चढावर, मी ६४० ला थांबलो. ते ६५५. पट्ट्यावरून उतरताना मला म्हणाले, "दिवाणजी, ते एक हळकुंड द्या की मलापण." म्हटलं, पुढच्या खेपेला देतो, आधी मला सातशे करू द्या.