ओटीजी, दहा महिन्यांनंतर: नॉबवरच्या आकड्यावर विसंबू नका

गेल्या आठवड्यात आमच्या ओटीजीचा, म्हणजे विजेवरच्या छोट्या ओव्हनचा, खालचा रॉड बदलून मिळाला, अठरा दिवस फोन करकरून. सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते. २८ लिटर, १५०० वॅट, वर-खाली रॉड, आत पंखा नाही, एकदम साधं मॉडेल, बाकी सगळं खोक्यावर लिहिलेलं असतंच. मागच्या ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी घेतला, ६,४०० ला.

घेतला तो फक्त नानखटाईसाठी. आई मिरजेला दिवाळीच्या आधी आणि मेच्या सुट्टीत तूप, साखर, मैदा, रवा पिशवीत भरून बेकरीत न्यायची, नंबर लावायचा, ते मळून भट्टीत भाजून द्यायचे आणि पत्र्याचा डबा काठोकाठ भरून घरी यायचा. इथे साताऱ्यात आमच्या जवळची बेकरी बाहेरचं सामान घेत नाही आणि तिथली विकतची खाल्ली की डालडा टाळूला चिकटतो. म्हटलं घरीच करू, तूप तरी आपलं असेल.

पहिला घाणा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे, १८० ला १५ मिनिटं. वरून पांढरी फटक, खालून कोळसा. आई तेव्हा इथेच होती, तिने एक उचलली, पालथी केली, बूड बघितलं आणि तशीच परत ताटात ठेवली. बोलली काहीच नाही.

पुढचे तीन घाणेही तसेच गेले. कधी वाटलं तूप जास्त फेटलं, कधी वाटलं काळ्या ट्रेमुळे होतंय (काळा ट्रे लवकर तापतो हे खरंय, मी नंतर ॲल्युमिनियमचा आणला आणि थोडा फरक पडला). तूप साडेसहाशे रुपये किलो आणि मी ते भांडीवाल्या मावशींच्या कोंबड्यांना घालत होते, इतका जीव जळायचा की महिनाभर त्याच्यावर कापड टाकून ठेवला आणि जो विचारेल त्याला सांगितलं की घेऊ नका, फालतू वस्तू आहे.

मग साखरेचा प्रयोग केला. साखर साधारण १८६ डिग्रीला वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवली, नॉब १८० वर, पंधरा मिनिटं. वितळायला नको होती. उघडून बघते तर पार पाणी झालेलं आणि कडेला तपकिरी! म्हणजे माझं काही चुकत नव्हतं, नॉब खोटं बोलत होता. त्यानंतर साडेचारशेचं आतमध्ये टांगायचं थर्मामीटर मागवलं. नॉब १८० ला आत २१०, १६० ला १८५, आणि १३५ च्या आसपास ठेवला तेव्हा कुठे १६० मिळाले. शिवाय लाल दिवा सहा मिनिटांत विझतो म्हणून आपण तापला समजतो, पण रॉड बंद-चालू होत आतली हवा स्थिर व्हायला चांगली पंधरा मिनिटं लागतात.

आणखी एक करून बघा, फुकट आहे. जाळीवर साध्या ब्रेडच्या स्लाइस शेजारी शेजारी मांडा आणि दहा मिनिटं ठेवा. आमच्याकडे मागच्या डाव्या कोपऱ्यातली स्लाइस काळपट, मधल्या बदामी आणि दाराजवळच्या जवळजवळ होत्या तशाच. भट्टीच्या विटा चोहोबाजूंनी सारखी उष्णता देतात, नानखटाईला तीच लागते. इथे रॉड त्याच्या जवळ येणाऱ्या भागावर थेट मारा करतो आणि दाराच्या फटीतून उष्णता जात राहते. म्हणून आता अर्ध्या वेळेला ट्रे फिरवते आणि त्या डाव्या कोपऱ्यात काही ठेवतच नाही.

नॉबवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिलेत, एक ठिपका नानखटाईचा, दोन ब्रेडचे. छापलेल्या आकड्यांकडे मी बघतही नाही. तेव्हापासून माझं मत पूर्ण फिरलं आणि ज्यांना घेऊ नका म्हटलं होतं त्यांना परत फोन करून सांगितलं. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे रवा, वाटीभर पिठीसाखर, वाटीभर तूप, वेलदोडा. खऱ्या १६० ला अठरा ते वीस मिनिटं. वर बारीक भेगा पडतात, बूड फिकट बदामी. काढल्यावर मऊच लागते, हात लावायचा नाही, ट्रेमध्येच गार होऊ द्यायची. नाचणीच्या बिस्किटांना तर हे जास्तच लागू, नाचणीत ग्लुटेन नाही, गरम उचललीत की भुगा.

ब्रेड मात्र अनपेक्षितपणे फार छान जमला. अर्धा मैदा अर्धी कणीक, चक्कीच्या कणकेला पाणी जास्त लागतं तेवढं लक्षात ठेवायचं, खऱ्या २०० ला पस्तीस मिनिटं, आणि पालथा करून बुडावर टकटक केली की पोकळ आवाज यायला हवा. विजेचा लोक उगाच बाऊ करतात, मी मीटर बघून लिहून ठेवलंय, नानखटाईचा एक घाणा तापवण्यासकट पाऊण युनिटच्या आतबाहेर, म्हणजे आठ-नऊ रुपये.

आणि मग मे महिन्यात, भाच्या यायच्या आदल्या दिवशी, खालचा रॉड गेला. दोन ट्रे भरून तयार, बूड कच्चं. त्या रात्री कढईत मीठ घालून, वर ताटली झाकून गॅसवर भाजल्या, बऱ्या झाल्या पण एका वेळी सहाच.

सर्व्हिसवाल्यांनी आधी चार दिवसांची तारीख दिली, आले दहाव्या दिवशी. माणूस म्हणाला रॉड वॉरंटीत येत नाही, ११०० रुपये आणि व्हिजिटचे वेगळे. मी कार्ड आणून त्याच्यासमोर मोठ्याने वाचलं: काच, बल्ब, ट्रे, जाळी वगळून. रॉडचा त्यात उल्लेखच नाही. तो म्हणाला ऑफिसला विचारा. ऑफिस म्हणालं टेक्निशियनला विचारा. हे पाच दिवस चाललं. शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करते आणि कार्डाचा फोटो जोडते असं सांगितलं, तर तिसऱ्या दिवशी नवा रॉड घेऊन तोच माणूस दारात, एक पैसा न घेता. म्हणून कार्ड जपून ठेवा आणि नीट वाचा, ११०० म्हणजे दीड किलोच्या वर तूप होतं.

जाताना त्याला नॉबचं विचारलं. म्हणाला मॅडम एवढा फरक सगळ्यांतच असतो. असेल, पण मग खोक्यात थर्मामीटर द्या ना! सहा हजारांची वस्तू विकताय, त्यात साडेचारशेची भर नाही घालता येत? माझे चार घाणे फुकट गेले, दुसरी कुणी दुसऱ्या घाण्यालाच कंटाळून माळ्यावर टाकेल. टायमर कधीकधी टिंग न करताच बंद होतो, हात आत जाताना वरच्या रॉडला चटका बसतो, ते सगळं मी चालवून घेते. हे नाही.

आईसाठी डबा शनिवारी मिरजेला नेला. तिने झाकण उघडून एक उचलली, पालथी केली, बूड बघितलं, आणि मग खाल्ली.