सोसायटीची बॅटरी, ईव्ही चार्जिंग आणि ब्लॉकचेनवालं ॲप: 5 पैकी 3 स्टार

बाणेरला आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलर आधीपासून आहे, आता पार्किंगमध्ये बॅटरी बसवली आणि ती कधी भरायची, कुठली गाडी कधी चार्ज करायची हे ठरवायला ब्लॉकचेनवालं ॲप घेतलंय (ब्लॉकचेन म्हणजे एकाच्या हातात न राहता सगळ्यांकडे एकसारखी असणारी डिजिटल नोंदवही). कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

वापरायला एकदम सोप्पं. गाडी लावायची, सकाळी किती वाजता निघायचंय आणि किती टक्के चार्ज पाहिजे एवढं टाकायचं, बाकी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (म्हणजे ठरलेले नियम आपोआप पाळणारा ब्लॉकचेनवरचा प्रोग्रॅम) बघतं, मंजूर लोडच्या, म्हणजे सोसायटीला एका वेळी ओढता येणाऱ्या विजेच्या मर्यादेच्या, वर जाऊ देत नाही, लिफ्ट आणि पंपाची वीज आधी बाजूला काढतं, मग ज्याला लवकर निघायचंय त्याचा नंबर. बॅटरी दुपारीच भरून घेतं. स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना महावितरण 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सूट देतंय ना, म्हणून पावसाळ्यात ऊन नसलं तरी त्याच वेळात ग्रिडवरून भरायचं आणि संध्याकाळी वापरायचं. आता खरं सांगू का, एवढं काम साधा सर्व्हर पण करेल, त्याला ब्लॉकचेन कशाला!

ब्लॉकचेन कामाला येतं ते भांडणात. आधी वॉचमनकडे वही होती आणि कमिटीवाल्यांच्या गाड्या मागून येऊन पुढे घुसतात ही कुरकुर कायम. आता कोणाला कधी किती युनिट दिले ते कमिटी, कंपनी आणि ऑडिटर तिघांकडे एकसारखं नोंदलं जातं, एकट्यादुकट्याला खाडाखोड करता येत नाही. (बिटकॉइनसारखं वीज खाईल का विचारणाऱ्या काकांसाठी: यात मायनिंग, म्हणजे नोंदी पक्क्या करायला कॉम्प्युटरांची वीजखाऊ शर्यत, नाही.)

आता तक्रार. एका चार्जरच्या मीटरचा सीटी (वायरभोवती बसणारा, करंट मोजणारा सेन्सर) इंस्टॉलेशनवाल्यांनी उलटा बसवला, मग काय, गाडी चार्ज होतेय आणि ॲप म्हणतंय गाडीनेच बॅटरीला वीज दिली, वर मालकाच्या खात्यात क्रेडिट जमा! चेन काय, मीटर सांगेल ते लिहून घेते. नोंद पुसता येत नाही, उलटी एंट्री टाकावी लागते, त्याला तिघांपैकी दोघांची मंजुरी लागते आणि सपोर्टवाले नुसतं 'तिकीट रेज केलंय' करत बसले.

लखनौला पॉवर लेजर या ऑस्ट्रेलियन ब्लॉकचेन कंपनीचा पायलट (छोटा चाचणी प्रकल्प) झाला तसा गच्चीवरच्या सोलरची वीज शेजारीपाजारी विकायची असेल तर हे पटतं, तिथे कोणी कोणावर का विश्वास ठेवावा. एका सोसायटीपुरतं घेत असाल तर आधी नुसत्या शेड्युलिंगचं वेगळं कोटेशन मागा, एएमसी (वर्षाच्या देखभालीचा खर्च) किती ते लेखी घ्या आणि पैसे द्यायच्या आधी प्रत्येक चार्जरचं रीडिंग स्वतः उभं राहून चेक करून घ्या.